जुन्या छत्रीवर परदेशी वाहिन्या : खर्च किती, हाती काय?

सटाण्यात एखाद्या उंच गच्चीवर उभे राहिले की दोन प्रकारच्या छत्र्या दिसतात. एक मोठ्या परातीएवढी, डीटीएचची. रिचार्ज थांबला, मुले मोबाईलकडे वळली आणि ती कठड्याला तशीच लटकत राहिली. दुसरी सहा ते आठ फुटांची, पत्र्याची किंवा जाळीची. ती केबलच्या सुरुवातीच्या काळातली. १९९१ साली एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टार टीव्ही आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाल्यावर गावोगावच्या केबलवाल्यांनी अशा छत्र्या उभ्या केल्या. केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. त्यानंतर छोट्या गावांतल्या अनेक केबलवाल्यांना स्वतःची कंट्रोल रूम चालवण्याचे कारण उरले नाही. त्यांच्या मोठ्या छत्र्या काही ठिकाणी गच्चीवरच राहिल्या, काही भंगारात गेल्या.

या छत्रीवर परदेशी भाषेतल्या वाहिन्या फुकट दिसतील का? कोरियन शिकणारी मुलगी, परदेशी बातम्या ऐकून इंग्रजी सुधारू पाहणारा विद्यार्थी, ब्रॉडबँड न पोचलेल्या मळ्यात राहणारे कुटुंब, अशा कुणालाही हा प्रश्न पडू शकतो. उत्तर 'हो' आहे, पण ते छत्रीच्या आकारावर अवलंबून आहे. छोट्या छत्रीवर फार थोडे मिळते. मोठ्या छत्रीवर बरेच मिळते, मात्र ती उभी करायला साधारण साडेपाच ते साडेअकरा हजार रुपये लागतात. हा पैसा खर्च करण्यापूर्वी पुढचे सगळे वाचा.

छत्री म्हणजे फक्त आरसा

छत्री स्वतः काहीही 'पकडत' नाही. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आलेल्या लहरी ती एका बिंदूवर गोळा करते. त्या बिंदूवर एलएनबी बसवलेली असते. ती लहरी टिपून वायरीतून बॉक्सकडे पाठवते आणि बॉक्स त्यातून चित्र उलगडतो. म्हणून जुनी छत्री वाया जात नाही. एलएनबी आणि बॉक्स मात्र बहुतेक वेळा बदलावे लागतात.

उपग्रहांच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत येतात. डीटीएच आणि दूरदर्शनची मोफत सेवा डीडी फ्री डिश केयू पट्ट्यात चालतात, त्याला दोन फुटांची छत्री पुरते. परदेशी सार्वजनिक वाहिन्या आपल्याकडे प्रामुख्याने सी पट्ट्यात येतात. त्या लहरी सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या असतात, म्हणजे केयूच्या जवळपास तिप्पट. छोट्या छत्रीत त्या नीट एकवटत नाहीत आणि शेजारच्या उपग्रहांचे सिग्नल त्यात मिसळतात. डीटीएचच्या छत्रीवर सी पट्ट्याची एलएनबी बांधून पाहिलेल्यांच्या पदरी बहुधा निराशाच येते, ती यामुळे. सी पट्ट्यासाठी सहा फूट हे किमान माप धरा, आठ फूट मिळाली तर उत्तम.

तिसरी गोष्ट उपग्रहाच्या झोताची. उपग्रह आपल्या आकाशात असला म्हणजे त्याचा झोत आपल्यावर पडतोच असे नाही. युरोपचा हॉटबर्ड सटाण्याच्या पश्चिम क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंश वर आहे, पण त्याचा झोत युरोप आणि आसपासच्या भागासाठी आखलेला आहे. अरबी वाहिन्यांसाठी प्रसिद्ध असलेला नाइलसॅट तर इथून क्षितिजालाच टेकतो. त्यांच्यासाठी कितीही मोठी छत्री आणली तरी पैसे वाया जातील. दुकानदार "सगळे जग दिसेल" म्हणाला, तर त्याला आधी उपग्रहाचे नाव विचारा.

सटाण्यातून कोणता उपग्रह कुठे

खालचे कोन सटाण्याच्या अक्षांश-रेखांशावरून काढले आहेत. नामपूर, ताहाराबाद, देवळा, कळवण इथेही ते चालतील, फरक अंशाच्या आसपासच राहील. दिशेचे अंश उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायचे, म्हणजे पूर्व ९०, दक्षिण १८०.

• जीसॅट-१५ (९३.५ अंश पूर्व), डीडी फ्री डिश, केयू : दिशा १३५, उंची ५७ अंश. म्हणजे बरोबर आग्नेय.
• इंटेलसॅट-२० (६८.५ अंश पूर्व), सी : दिशा १९६, उंची ६५ अंश. दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला.
• ॲपस्टार-७ (७६.५ अंश पूर्व), सी : दिशा १७३ ते १७४, उंची ६६ अंश. जवळजवळ नीट दक्षिणेला.
• एशियासॅट-५ (१००.५ अंश पूर्व), सी : दिशा १२५, उंची ५२ अंश.
• एशियासॅट-७ (१०५.५ अंश पूर्व), सी : दिशा १२०, उंची ४७ अंश.
• बांगलादेशचा २०१८ साली सोडलेला उपग्रह (११९.१ अंश पूर्व) : दिशा १०९, उंची ३४ अंश. पूर्वेकडे झुकलेला.

यादीतला सगळ्यात खालचा उपग्रहसुद्धा क्षितिजापासून ३४ अंश वर आहे. त्यामुळे साल्हेर-मुल्हेरचे किंवा सातमाळ्याचे डोंगर सटाण्यातल्या छत्रीच्या आड येत नाहीत. आड येते ती शेजारच्या घराची पाण्याची टाकी, नाहीतर अंगणातला कडुनिंब. फ्री डिशसाठी हिशोब सोपा आहे. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच झाड साडेसहा मीटरपेक्षा लांब असेल तर अडचण नाही. एशियासॅट-७ साठी तेच अंतर साडेनऊ मीटर धरा.

वाहिन्या उपग्रह बदलत राहतात. भारतीय वाहिन्या गेल्या काही वर्षांत परदेशी उपग्रहांवरून भारतीय उपग्रहांकडे हलवल्या जात आहेत आणि परदेशी वाहिन्यांचीही जागा बदलते. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या यादीवर किंवा कुणाच्या आठवणीवर खरेदी करू नका. लिंगसॅट या संकेतस्थळावर प्रत्येक उपग्रहावरच्या वाहिन्या, त्यांची फ्रिक्वेन्सी आणि त्या मोफत आहेत की बंद (म्हणजे सांकेतिक) हे दिलेले असते. छत्री घेण्याच्या दिवशी ते पाहा.

कोणती भाषा मिळेल?

जपानची एनएचके वर्ल्ड, जर्मनीची डॉइचे वेले, फ्रान्स २४, कोरियाची अरिरंग आणि केबीएस वर्ल्ड, चीनची सीजीटीएन या वाहिन्या सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालतात. आपल्या देशाची बाजू जगापुढे मांडणे हा त्यांचा हेतू असल्याने अशा वाहिन्या अनेकदा मोफत ठेवल्या जातात. इथे गैरसमज होऊ शकतो. एनएचके वर्ल्ड जपानची असली तरी बोलते इंग्रजीत. जपानी शिकणाऱ्या मुलाला तिचा उपयोग जपान समजून घ्यायला होईल, कानाला जपानीची सवय लावायला फारसा होणार नाही. केबीएस वर्ल्डवर मात्र कोरियन भाषेतले कार्यक्रम इंग्रजी उपशीर्षकांसह असतात. वाहिनी कोणत्या देशाची आहे यापेक्षा ती कोणत्या भाषेत बोलते, हे आधी पाहा.

छोट्या छत्रीवाल्यांसाठीही थोडे काही आहे. डीडी फ्री डिशवर २०१९ मध्ये बांगलादेश टेलिव्हिजन आणले गेले. डीडी इंडिया ही दूरदर्शनची इंग्रजी वाहिनीही तिथे आहे. शिवाय सह्याद्रीसह दूरदर्शनच्या अनेक भाषांतल्या वाहिन्या येतात. तमीळ, बंगाली किंवा मल्याळम शिकणाऱ्याला तेवढे पुरेसे आहे.

खर्च

खालचे दर ढोबळ आहेत. सटाणा, मालेगाव आणि नाशिक इथल्या दुकानांत फरक पडेल, म्हणून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

पहिला पर्याय : घरची छोटी छत्री फ्री डिशकडे वळवणे

• एमपेग-४ चालणारा मोफत वाहिन्यांचा बॉक्स : ८०० ते १,५०० रुपये
• एलएनबी (जुनी चालत नसेल तर) : १०० ते २५० रुपये
• कनेक्टर, टेप : ५० ते १०० रुपये
• मिस्त्रीची मजुरी : २०० ते ४०० रुपये
• एकूण : १,१५० ते २,२५० रुपये

जुना डीटीएच बॉक्स यात वापरता येईल असे धरू नका. तो त्या कंपनीच्या वाहिन्यांसाठी बांधलेला असतो. शिवाय छत्री आणि बॉक्स तुम्ही विकत घेतले होते की भाड्याने, हे जुन्या पावतीवर पाहा. भाड्याचे असतील तर ते कंपनीचे आहेत.

दुसरा पर्याय : सहा ते आठ फुटांची जुनी छत्री

• छत्री, भंगाराच्या भावात किंवा थोडी वर : १,००० ते ३,००० रुपये
• टेम्पो आणि हमाली : ५०० ते १,००० रुपये
• जीआय पाइप, वेल्डिंग, सिमेंट-काँक्रीट : १,५०० ते २,५०० रुपये
• ५-जी फिल्टर असलेली सी पट्ट्याची एलएनबी : ५०० ते १,००० रुपये
• आरजी-६ वायर, २० मीटर : ३०० ते ५०० रुपये
• कनेक्टर, पाणी न जाऊ देणारी टेप : १०० ते १५० रुपये
• डीव्हीबी-एस२ आणि एचईव्हीसी चालणारा बॉक्स : १,२०० ते २,५०० रुपये
• जोडणी आणि दिशा लावणे : ५०० ते १,००० रुपये
• एकूण : ५,६०० ते ११,६५० रुपये

या यादीत दोन ठिकाणी पैसे वाचवू नका. पहिले म्हणजे ५-जी फिल्टर. २०२२ च्या लिलावानंतर ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा ५-जी मोबाईलसाठी गेला आहे. जुन्या सी पट्ट्याच्या एलएनबी ३,४०० पासून ऐकतात. जवळच्या टॉवरचा सिग्नल उपग्रहापेक्षा कितीतरी जोरदार असतो, त्यामुळे एलएनबी बधिर होते आणि सगळ्याच वाहिन्या अडखळतात किंवा बंद पडतात. मिस्त्री दिवसभर छत्री हलवत बसतो आणि दोष मात्र टॉवरचा असतो. दुसरे म्हणजे बॉक्स. केबलच्या काळातला ॲनालॉग रिसीव्हर कुणी फुकट दिला तरी नको, आज त्यावर काहीच दिसणार नाही.

तिसरा पर्याय : एकापेक्षा जास्त उपग्रह

एका छत्रीवर शेजारशेजारच्या दोन उपग्रहांसाठी दोन एलएनबी बसवता येतात. जास्तीची एलएनबी, तिची पट्टी आणि दोन एलएनबींपैकी हवी ती बॉक्सला जोडणारा १०० ते २५० रुपयांचा डायसेक स्विच एवढा वाढीव खर्च. लांबच्या उपग्रहांसाठी छत्री फिरवणारी मोटर लागते. तिच्यासह खर्च आणखी तीन ते पाच हजारांनी वाढतो आणि देखभालही मागे लागते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

महिन्याचा खर्च जवळजवळ नाही. दहा वॅटचा बॉक्स रोज पाच तास चालला तर महिन्याला दीड युनिट वीज लागते.

जुनी छत्री घेताना

भंगारवाल्याकडे जाताना खिशात सुतळी घेऊन जा. छत्रीच्या काठावर एक सुतळी आडवी आणि एक उभी अशी ताणून बांधा. मध्यभागी दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. त्यांच्यात फट राहिली किंवा एक दुसरीला दाबू लागली, तर छत्री पिळवटलेली आहे. एलएनबी कितीही चांगली लावली तरी अशा छत्रीवर सिग्नल पुरेसा येणार नाही. बोटभर फट दिसली तर छत्री घेऊ नका.

जाळीची छत्री सी पट्ट्याला चालते आणि वाऱ्याला तिचा विरोध कमी होतो. केयूला मात्र ती सहसा चालत नाही. पाकळ्या जोडणारे बोल्ट, मधली चकती, एलएनबी धरणारे तीन-चार पाय आणि उंची बदलण्याचा स्क्रू हे सगळे जागेवर आहे का ते पाहा. हा स्क्रू गंजून अडकला असेल तर किंमत पाडून घ्या. रंग उडाला तर चालेल, पत्र्याला पडलेले पोचे मात्र चालणार नाहीत.

बसवताना

पाइप ओळंब्यात उभा असला पाहिजे. तो कलला तर कोणताही कोन बरोबर येत नाही. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहा आणि काँक्रीट पक्के झाल्यावरच छत्री चढवा.

दिशेसाठी मोबाईलमधले होकायंत्र पुरते, कारण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे. मात्र ते लोखंडी पाइप आणि गच्चीच्या सळयांपासून चार-पाच पावले दूर धरून वाचा. फ्री डिशच्या छोट्या छत्रीत एलएनबी मध्यापासून खाली असते, त्यामुळे ५७ अंश वर पाहणारी छत्री डोळ्यांना तेवढी आकाशाकडे वळलेली वाटत नाही. ती बरीच सरळ उभी दिसते, तो दोष नव्हे. जीसॅट-१५ साठी एलएनबीही सुमारे ४० अंश तिरकी लागते. बॉक्सवरच्या 'क्वालिटी' पट्टीकडे पाहत ती थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवा.

बॉक्समध्ये केयूसाठी एलएनबीचा आकडा ९७५०/१०६०० आणि सी साठी ५१५० द्या. उपग्रह एकमेकांपासून दोन-तीन अंशांवर बसलेले असतात. हात लांब करून अंगठा उभा धरला की आकाशाचा जेवढा भाग झाकतो, तेवढेच हे अंतर. दोन फुटांच्या छत्रीचा काठ दोन सेंटिमीटर हलला तरी उपग्रह हातचा जातो. म्हणून छत्री अगदी सावकाश हलवा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. 'स्ट्रेंग्थ' वाढली म्हणून खूश होऊ नका, 'क्वालिटी' वाढली तरच उपग्रह सापडला.

वाऱ्याचा हिशोब गंभीरपणे करा. सहा फुटांच्या भरीव छत्रीवर ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर सव्वाशे किलोपेक्षाही जास्त जोर बसू शकतो. मे-जूनच्या वादळात नुसत्या विटांच्या कठड्याला बांधलेली छत्री कठड्यासकट खाली येऊ शकते. पाइप स्लॅबवर किंवा जमिनीत काँक्रीटमध्येच रोवा. विजेच्या तारांजवळ छत्री उभी करू नका, पाइपला अर्थिंग द्या आणि वीज कडाडत असताना बॉक्सची वायर काढून ठेवा. गच्चीच्या कडेला एकट्याने काम करू नका.

पावसाळ्यात केयू सिग्नल मोठ्या सरीत जातो आणि पाऊस ओसरला की परत येतो. सी पट्ट्याला पावसाचा त्रास फारच कमी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिवसातून काही मिनिटे चित्र गेले तर मिस्त्रीला बोलावू नका. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

कायद्याच्या दोन गोष्टी

मोफत वाहिनी घरच्या घरी पाहा, पण त्या छत्रीवरून शेजारच्या चार घरांना वायर देऊन पैसे घेऊ नका. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी लागते. आणि केंद्र सरकारची परवानगी नसलेल्या परदेशी वाहिन्या नोंदणीकृत केबलवाल्यालाही दाखवता येत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे, बंद वाहिन्या उघडून देणारे 'कोड' किंवा सर्व्हरची वर्गणी विकणाऱ्यांपासून दूर राहा. ती चोरी आहे. असे कोड बदलले की भरलेले पैसेही बुडतात आणि दाद मागायला जागा राहत नाही.

इंटरनेट असेल तर?

या लेखातला सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा सल्ला हाच आहे. एनएचके वर्ल्ड, डॉइचे वेले, फ्रान्स २४, अरिरंग यांचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवर मोफत मिळते. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण पाऊण ते एक जीबी डेटा लागतो, एचडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाईल पॅकवर तासभर परदेशी बातम्या आरामात पाहता येतात. घरात ब्रॉडबँड असेल तर जास्तीचा खर्च शून्य. डीटीएच चालू असेल तर कंपनीच्या यादीत यातल्या काही वाहिन्या आहेत का, तेही विचारून घ्या.

मग मोठी छत्री कुणासाठी? ज्याच्या मळ्यात ब्रॉडबँड नाही आणि मोबाईलची रेंज अडखळते त्याच्यासाठी. जिथे पाच-सात माणसे रोज तीन-चार तास टीव्ही पाहतात त्या घरासाठी. एखाद्या शाळेसाठी किंवा वाचनालयासाठी, जिथे एका छत्रीचा उपयोग अनेकांना होईल. ब्रॉडबँडचे महिन्याला चारशे-पाचशे रुपये धरले, तर दुसऱ्या पर्यायाचा खर्च साधारण एक ते अडीच वर्षांत वसूल होतो. त्याहून कमी काळ वापरणार असाल, तर छत्री परवडत नाही.

पैसे देण्यापूर्वी

आधी भाषा ठरवा. मग त्या भाषेची मोफत वाहिनी आज कोणत्या उपग्रहावर आहे ते पाहा. मग गच्चीवरून त्या दिशेला, त्या उंचीवर आकाश मोकळे आहे का ते बघा. सगळ्यात शेवटी छत्री शोधा. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा केल्यामुळे. स्वस्तात छत्री मिळाली म्हणून ते आणतात, आणि तिच्यावर काय दिसेल हे नंतर शोधू लागतात.

मिस्त्रीशी व्यवहार करताना ठरवलेली वाहिनी टीव्हीवर दिसल्यावरच पूर्ण मजुरी द्या. बॉक्सची पावती घ्या आणि तिच्यावर वॉरंटीची मुदत लिहून घ्या. बॉक्सचा मॉडेल क्रमांक, उपग्रहाचा अंश आणि फ्रिक्वेन्सी एका कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. वाऱ्याने छत्री हलली, तर दुसऱ्या मिस्त्रीला त्या कागदावरून अर्ध्या तासात काम करता येईल आणि पुन्हा पूर्ण मजुरी द्यावी लागणार नाही.